उजवीकडे तोंड

ॲम्ब्रोज पेनफोल्डने पेटी माझ्या टेबलावर ठेवली
तेव्हा बर्मिंगहॅममध्ये तिन्हीसांजेआधीच दिवे लागले होते.
ओकची पेटी, पितळी कोपरे, किल्ली हरवलेली.
आत हिरवी बनात,
बनातीत एका हवेच्या पिस्तुलाचा आकार.
पिस्तूल नव्हतं.

'लोक पिस्तूल जपतात, पेटी फेकून देतात,' तो म्हणाला,
'इथं उलटं झालंय.'
छर्ऱ्यांच्या डबीसाठी गोल खण,
तेलाच्या कुपीसाठी उभा,
कातडी वॉशरसाठी चिंचोळी फट,
आणि नळीचं तोंड उजवीकडे.
'शंभरातल्या नव्व्याण्णव पेट्यांत ते डावीकडे असतं.
ही कुणा डावखुऱ्यासाठी केलीय, खास सांगून.'
म्हणताना त्याने आपलाच डावा हात वर धरला,
शाळेत ज्याच्यावर पट्ट्या बसल्या, तो.

बनात उसवलीय, सरस लावून देते, मी म्हटलं.
'आधी ते सापडू दे.'

पोकळीवर पुठ्ठा दाबून त्याने पेन्सिल फिरवली,
माझ्याच कात्रीने पुठ्ठ्याचं पिस्तूल कापलं
आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

अकरा वर्षं.
स्टॅफर्डजवळच्या शाळेचा हॉल, लेस्टरचं गोदाम,
एका पाद्र्याच्या मागे राहिलेल्या सामानाचा लिलाव.
विक्रेते त्याला लांबून ओळखायचे,
तो दिसला की चहाचे कप बाजूला सरकवायचे.
पुठ्ठा ठेवायचा, एक डोळा मिटायचा.
हे मुठीत जाड. ह्याची नळी नखभर आखूड.
ह्याची झिलई कुणीतरी काल केलेली.
घरी बाकीची एकोणतीस होती.
हिल्डा म्हणायची, तिसावं आलं की मी चालले.
तिसावं यायच्या आधीच ती गेली,
इस्पितळात, आणि मग तिथूनही.

त्या हिवाळ्यात त्याने पेटी माझ्याकडे सोडली.
'निदान आतून तरी नीट कर.'

केटलची वाफ दिली तसा जुना सरस सुटला.
बनात साल निघावी तशी निघाली.
खाली जांभळं रेशीम,
रेशमात सहा बारीक चरे, एकसारखे,
कोपऱ्यात शेफील्डच्या दुकानाची चिठ्ठी:
मासे खाण्याच्या सुऱ्या, लग्नाच्या आहेरासाठी.

कुणीतरी पटाशीने मधलं लाकूड कोरलं होतं,
समोर पिस्तूल न ठेवता, चित्र पाहून, अदमासे.
कागद उलटा पडला असेल.
डावखुरा माणूस एवढाच.

मी केटल बंद केली.
मग पुन्हा चालू केली, कारण सरस थंड होत होता.
बनात होती तशी बसवली, काठ दाबले,
वर इस्त्री ठेवून रात्रभर जाऊ दिली.

मार्चमध्ये तो आला, ओल्या कोटासकट.
रुमालातून पिस्तूल काढलं,
अक्रोडाची मूठ, निळसर पोलाद,
पोकळीत ठेवलं.
ते हललं. सगळीकडून थोडं थोडं सैल.

तो बराच वेळ बघत राहिला.
'लाकूड पसरतं,' म्हणाला, 'इतक्या वर्षांत.'
'पसरतं,' मी म्हटलं.
आणि बनातीखाली कापूस भरायला घेतला.

तोवर त्याने नळी मोडून स्प्रिंग ताणून दाखवली.
'अशी ठेवायची नाही कधी. ताणलेली राहिली की मरते.'
माझ्या सुयांच्या उशीवर रिकामा चाप ओढला.
फुस्स. एक दोरा उडाला.

झाकण लागलं. जाताना खिशातला पुठ्ठा
टेबलावर टाकला: आता काय करायचाय.
मी उचलून पाहिला.
काठ मऊ झालेले, कोपरे गेलेले, रंग चहाचा.
कोटात घासून घासून
तो त्या पिस्तुलाएवढाच उरला होता.

बिल सात पौंडांचं केलं.
कापसाचे लावले नाहीत.