जमाखर्चाची वही

वहीचं पहिलं पान कधीतरी भिजून सुकलेलं,
तारीख लागत नाही.
खाली एवढंच: मेणबत्त्या दोन. बटाटे अर्धं पोतं.
लाकडी बुटांचा जोड एक.
बायका तीन.

एकीने बाहेर जायचं, दोघींनी आत बसायचं,
असा गेला असणार केर्लेवेनचा तो हिवाळा.

आइसलँडच्या कॉडमागे गेलेली गलबतं परतली नव्हती.
पोरं उरली होती, दारोदार.
आझेनोरने जाळी विणायच्या कोठारात ती गोळा केली,
बिशपना कळवायचं राहून गेलं.

कळवलं, तेव्हा नियमावलीवर सही हवी म्हणाले.
तिला अक्षरओळख नव्हती.
तिने एक उभी रेघ ओढली, एक आडवी.
कारकुनाने शेरा मारला: ‘भक्तिभाव दिसतो.’
संघाची मोहोर आजही तीच आहे.

मग पानं भराभर उलटतात.
गाय. दुसरी गाय. छपराचा दगड.
तामाताव्हपर्यंत जहाजाची तिकिटं, चार.
परतीचा रकाना कोरा.
मला वाटलं, लिहायला विसरल्या.
पुढे क्विनीनचे भाव येतात, तापाचे दिवस येतात,
आणि बावीस वर्षांच्या एनोराच्या नावासमोर
पेरिनच्या बारीक अक्षरात
‘जमा’.

खर्च नाही.
मी तिथे बोट ठेवून बराच वेळ बसले.

त्याच जहाजाच्या तळाशी बंदुकांच्या पेट्या होत्या.
ते या वहीत नाही.
ते आमच्याकडे सांगतात.
आमच्याकडे हेही सांगतात, की माझ्या पणजीला
एक गोरी बाई खाचरात दिसली,
गुडघाभर चिखलात, भाताचं रोप उलटं धरून.
पणजी हसली नाही.
तिने रोप घेतलं, सुलटं केलं, परत हातात दिलं.
छापील इतिहासात आहे:
‘सिस्टरांनी तिथल्या स्त्रियांना शेती शिकवली.’

आता इथे अकरा म्हाताऱ्या उरल्यात
आणि आम्ही सहा जणी, बेटावरून आलेल्या.
गावातला पाववाला अजून विचारतो,
थंडी सोसते का तुम्हाला?
चार वर्षं झाली, विचारतोच आहे.

सिस्टर रिवानोन चौऱ्याण्णव वर्षांची.
रोज पहाटे पेटी भरायला काढते.
‘व्होलोलोना, जहाज किती वाजता?’
‘भरती येऊ दे,’ मी म्हणते.
ती पटकन मान डोलावते; कोळ्याची लेक, भरती तिला कळते.
आज तिने स्वेटर उलटा घातला होता.
मी काढला, सुलटा केला, पुन्हा घातला.

रात्री वही मीच लिहिते.
बटाटे पाच किलो. लंगोट, मोठ्या मापाचे.
गुडघ्याचं मलम.
आंतानानारिव्होहून विमानाची तिकिटं, दोन,
नव्या मुलींसाठी.

पुढच्या रकान्याशी पेन अडलं.
काल आईचा फोन होता.
भात कापून झाला म्हणाली,
आणि मग बराच वेळ
दोघीही काही बोललो नाही.