धागा तुटल्याची खबर

नायनांच्या कानात आता फक्त माग उरलाय.
घरी आले तरी वाजतो, म्हणतात,
जेवताना, झोपेत, सुट्टीच्या दिवशी तर जास्तच.
पूर्वी बाणा तुटला की त्या खडखडाटातूनही
त्यांना न वाजलेलं ऐकू यायचं,
हात आपोआप हँडलवर.
यंदा उगादीपासून चार वेळा चुकले.
चार चादरींत मोराच्या मानेपाशी फट.
शेटनं पगारातून कापून घेतली.

मी तिसऱ्या वर्षाला आहे.
प्रोजेक्टच्या यादीत कुणी लिहिलं रेषेवरून चालणारी गाडी,
कुणी अडथळा टाळणारी गाडी,
मी लिहिलं: धागा.
हत्तुरे सर म्हणाले, यात रोबो कुठाय?
म्हटलं, आहे की सर. अशोक चौकाच्या मागं,
पत्र्याच्या शेडात, चाळीस वर्षांचा.
त्याला फक्त डोळा नाही.

नवी पेठेत हिरेमठ अण्णांचं दुकान,
रेडिओंचे सांगाडे छतापर्यंत.
त्यांच्या वहीत मला नाव नाही,
‘गुंडेटींची पोरगी, सर्किटवाली’ एवढंच.
उधार लिहितो, म्हणतात,
पण जळालेलं परत घेणार न्हाई बघ.
जळालेले मी डब्यात ठेवते.
अकरा झालेत. प्रत्येकाचं कारण मला पाठ आहे.

रात्री गच्चीवर, फरशी अजून तापलेली,
अम्मा चरख्यावर कांड्या भरते,
मी शेजारी सोल्डर लावते.
राळेचा धूर तिच्याकडं जातो, ती खोकत नाही,
फक्त चरखा थोडा सरकवते.
सांधा चमकला पाहिजे. राखाडी दिसला तर कच्चा.
हे मी तिला सांगितलं, तर तिनं
माझ्या बोर्डावर बोट फिरवून, चष्म्याशिवाय,
तिसरा सांधा कच्चा म्हणून सांगितला.
कच्चाच होता.

आणि पहिल्यांदा जेव्हा
कांडीचा धागा त्या दोन मण्यांमधून ओढला,
आणि पडद्यावर आकडा हलला,
एक, दोन, तीन,
मी इतक्या जोरात ओरडले
की खालच्या बोल्लींनी दार उघडून विचारलं,
पाणी आलं का?

शेडात मात्र काहीच चालेना.
आधी रुईची भुकटी डोळ्यावर बसली,
त्याला दर मिनिटाला धागाच धागा दिसायचा.
नळीतून फुंकर घालायची सोय केली.
मग बझर लावला.
बझर! त्या शेडात! आणि त्या कानांसाठी!
माझं मलाच हसू आलं, मग आलं नाही.
मग जुन्या मोबाइलची थरथरणारी मोटर
नायनांच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी.
तिथं जमीनच थरथरते, खिशाचं काय घेऊन बसलात.
शेवटी दिवा. लाल, चिंचोक्याएवढा,
त्यांची नजर तशीही जिथं असते तिथं, धोट्याच्या वाटेवर.

मंगळवारी दुपारी लागला.
नायनांनी माग थांबवला, वाकले, तुटलेलं टोक उचललं,
ओठांत ओलं केलं, गाठ मारली.
माझ्याकडं बघितलं नाही.
पुन्हा लागला. पुन्हा गाठ.
संध्याकाळपर्यंत सात.
एकही चादर फाटक्या मानेची नाही.

मग वीज गेली.
सगळे माग एकदम गप्प,
इतकं गप्प की बाहेर कुणी शेंगा भाजत होतं
ते ऐकू आलं. मला. त्यांना नसावं.
माझा बोर्ड सेलवर होता,
आणि अंधारात दिवा लागून राहिला,
लाल, हट्टी,
तुटला, तुटला, तुटला.

नायनांनी धाग्याला बोट लावून पाहिलं.
अख्खा होता.
‘तेगलेदु,’ ते म्हणाले. ‘आगिंदि.’
तुटलेला नाही. थांबलाय.

ते अंधारात बसले, पुडी काढली.
मी वही काढली, मोबाइलच्या उजेडात लिहिलं:
ठोका आला नाही, याची कारणं दोन.
दुसरा डोळा शाफ्टवर हवा.
शाफ्ट फिरतोय आणि धागा नाही, तरच दिवा.
अण्णांकडं उधारी आधीच दोनशे दहा.
चुंबकवाला सेन्सर पस्तीस.
उद्या अकराच्या आत जायला पाहिजे,
नंतर ते जेवायला जातात.