दोन आणि तीनच्या मध्ये

मंगळवारी सव्वानऊला, ग्रिम्सबीत,
गोदीमागच्या रांगेतल्या अठ्ठेचाळीस नंबरला
मी बेल वाजवत नाही. किल्ली कुंडीखाली असते,
हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.
आत रेडिओ, जळक्या टोस्टचा वास,
आणि खुर्चीत विल्फ्रेड ब्लँचर्ड, वय त्र्याऐंशी,
हात आधीच पुढे केलेला,
कासारापुढे करावा तसा.

करंगळी नाही. ती आइसलंडजवळ
जाळ्याच्या दोरात गेली, सत्तर साली.
उरलेल्यांतलं मी मधलं बोट निवडते.
टिच्. एक थेंब. पट्टी तो पिऊन टाकते,
यंत्र विचार करतं,
आम्ही दोघं गप्प, निकालाच्या दिवसासारखे.

दोन आणि तीनच्या मध्ये हवं.
खाली गेलं तर हृदयाच्या त्या फडफडत्या कप्प्यात
गुठळी धरते आणि मेंदूची वाट पकडते.
फार वर गेलं तर रक्त वाहतं,
दात घासताना, शिंकताना, रात्री झोपेत,
कुठूनही.
हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला,
म्हणजे भरती-ओहोटीचं कोष्टक.
मी म्हणाले, तसंच समजा.

आमच्या भाषेत कष्ट उपसण्याला
रक्ताचं पाणी करणं म्हणतात, हेही एकदा सांगितलं.
मग गोळी कशाला, म्हणाला,
तीस वर्षं बोटीवर दुसरं काय केलं?
आणि हसता हसता खोकला लागला.

वस्तऱ्यावरून मात्र भांडण झालं होतं.
हलत्या डेकवर, गोठल्या बोटांनी
मासे चिरलेला माणूस मी,
मला पात्याला भ्यायला सांगतेस?
शेवटी विजेचं यंत्र घेतलं.
त्याला तो माशी म्हणतो. गुणगुणते म्हणून.

आज आकडा आला: एक पूर्णांक तीन.
पट्टी बदलली, बोट बदललं. एक पूर्णांक तीन.
मागचे नऊ मंगळवार अडीचच्या आसपास.
गोळ्या मोजल्या, निळ्या आणि तपकिरी.
एकही चुकली नव्हती.
काही वेगळं खाल्लंत?
तो खिडकीकडे बघत राहिला.

मग म्हणाला, फ्रीझर बिघडला.
तळाशी एनिडच्या पिशव्या होत्या,
केल, कोबीचा तो कुरळा, कडू भाऊ,
तिच्या वाफ्यातला, तिच्या शेवटच्या हिवाळ्यातला.
प्रत्येक पिशवीवर तिच्या अक्षरात तारीख.
विरघळायला लागल्या.
टाकायच्या कशा?
सहा दिवस, दोन्ही वेळा तेच.
शेवटची काल रात्री.
थांबून म्हणाला, चांगली नव्हती.

माझ्या फॉर्मवर या उत्तराला रकाना नाही.
आमच्याकडे गेलेल्या माणसाला जेवू घालतात.
गेलेल्या माणसाने जेवू घातलेला
मी पहिल्यांदा पाहिला.

तरी सांगायचं ते सांगितलं. नोकरी आहे.
हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व
गोळीचं काम पुसून टाकतं.
क्लिनिकला फोन केला, डोस वाढवून घेतला,
शुक्रवारी पुन्हा येते,
तोंड वाकडं झालं, हात जड झाला, शब्द अडखळला
तर माझी वाट बघू नका, तीनदा नऊ दाबा.

म्हणजे आता पालेभाजी बंद?
बंद नाही. पण दर आठवड्याला तेवढीच.
तुम्ही सवय ठरवा,
गोळी आपण तिच्या मापाने बेतू.
(माझे वडील मिरजेत शिंपी होते.
गिऱ्हाईक जाड झालं तर ते टेपला दोष देत नसत.)
तो जरा वेळ मोजत बसला.
मग बुधवार आणि रविवार, म्हणाला.
ती तेव्हाच करायची.

पिवळ्या वहीत कारणापुढे मी लिहिलं: पालेभाजी.
एवढंच. तिथे तेवढीच जागा असते.

निघताना दिसलं, सिंकवरच्या दांडीला
धुऊन, उलट्या करून पिशव्या वाळत घातलेल्या.
सवयीने मोजल्या. बारा.
मागे वळले. रक्त कधीच थांबलं होतं,
तरी तो बोटावरचा कापूस
मी शिकवला तसा, घट्ट,
दाबून बसला होता.