जादा पत्ती

ओबो काउंटीचा, उसना.
पेटीच्या झाकणाआत आधीच्या मुलांची नावं,
सगळ्यांत खाली आमचं:
नेस्ट इद्वाल, बेथेस्डा, शाळेचं सहावं वर्ष.

पत्ती मात्र विकतची.
वेताच्या दोन पातळ फाका, दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या,
रुंदीला माझ्या करंगळीच्या नखाएवढ्या,
किमतीला लॉरीवरचा माझा अर्धा दिवस.
पहिल्या महिन्यात तिनं दोन मोडल्या.
मी काही बोललो नाही.
तिसरी मोडली तेव्हा बोललो,
आणि ते बोलणं चार दिवस घरात तसंच पडून राहिलं,
कुणी उचललं नाही.

मला संगीतातलं काही कळत नाही.
चॅपलमध्ये मी नुसते ओठ हलवतो,
बापाशेजारी उभं राहून शिकलेलं कसब.
तोही नुसते ओठच हलवायचा,
हे मला फार उशिरा कळलं.

पण परीक्षेत कानाचीही परीक्षा असते.
स्वर वर गेला की खाली आला?
किती पायऱ्या?
मिस ओल्वेननं वहीत लिहून दिलं:
रोज दहा मिनिटं, घरातल्या कुणाहीबरोबर.
तिची आई रात्रपाळीची नर्स, दिवसा झोपते.
घरातलं कुणीही म्हणजे मी.

म्हणून आम्ही लॉरीच्या केबिनमध्ये बसायचो,
काचा वर, हीटर बंद,
फोनवर पियानोच्या इवल्या पट्ट्या.
माझं एक बोट दोन पट्ट्यांवर पडायचं.
"डॅड, हे दोन स्वर आहेत."
"एकाच्या भावात दोन."
ती हसली.
चार दिवसांचं ते बोलणं तेव्हा कुठे
दारातून बाहेर गेलं.

परीक्षा बॅन्गरला, एका चॅपलच्या मागच्या खोलीत.
आत जाण्याआधी तिनं जादा पत्ती माझ्या तोंडात ठेवली.
"ओली ठेव. चावू नकोस. वाळली तर संपलं."

मी कॉरिडॉरमध्ये, ओठांत अर्धा दिवस धरून.
शेजारी व्हायोलिनवाल्या मुलाची आई.
"कितवी ग्रेड?"
मी तीन बोटं वर केली.
"अरे वा, तीन मुलं!"
मी मान डोलावली. कशाला वाद.

पहिला तुकडा दारातून नीट आला.
दुसरा निम्म्यात थांबला.

थांबणं मला ओळखता येतं.
खाणीत भोंगा होतो, माणसं मागे सरतात,
आणि सुरुंग उडायच्या आधी
डोंगर श्वास धरतो,
ते थांबणं.
मी अर्धा उठलो.
दारावर पाटी: शांतता राखा, दोन भाषांत.
तोंडात पत्ती घेऊन
मी तिसऱ्या भाषेत गप्प.

मग ओबो पुन्हा सुरू झाला,
थांबला होता तिथून नाही,
दोन पावलं मागून,
जसं चिखलात रुतल्यावर मी लॉरी आधी मागे घेतो.

बाहेर येऊन म्हणाली,
"तोंडाला कोरड पडली. पाणी मागितलं. दिलं त्यांनी."
एवढंच.
मग माझ्या तोंडातली पत्ती काढून उजेडात धरली.
दोन दातांच्या खुणा, स्वच्छ.
तिनं पत्तीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि काही बोलली नाही.
घरापर्यंत.
मी तिच्या वयाचा असतो तर
मला हे जमलं नसतं.
तिच्या बापाच्या वयाचा होतो, तरी जमलं नव्हतं.

पास झाली, दोन गुणांनी.
कानात मात्र एकच गुण गेला.
तिच्या आईनं अर्ध्या वॉर्डला सांगितलं.

आज सकाळी खाणीत भोंगा वाजला,
लांबला, आणि शेवटाला मावळला.
डबा उघडता उघडता मी म्हणालो,
"खाली आला. एक पायरी."

मॅडॉक चहा सांडून उठला,
कड्याकडे बघत:
"कुठला दगड?"