लाभार्थींची संख्या

अर्जात सातवा रकाना होता: लाभार्थींची संख्या.
अंकांत लिहा, अक्षरांतही.
मी पेन्सिल घेतली. आमच्या मैदानाचा
शाईला भरवसा नव्हता.

मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला आमचं गाव.
लोखंडाची खाण मिटली त्या साली
नगरपालिकेने हात वर केले:
बाग तुमची, झोपाळे तुमचे, नळाचं बिलही तुमचंच.
मग आर्मास लाहतिनेनच्या स्वयंपाकघरात सातजण जमलो,
कॉफी पाचजणांपुरती होती,
आणि मंडळ झालं.
मी खजिनदार, कारण माझं अक्षर बरं.

इथे मैदान आखत नाहीत, गोठवतात.
रात्री दहानंतर, पोरं झोपली की
आगीच्या बंबाचा जुना पाइप खांद्यावर घ्यायचा
आणि पाणी सोडायचं पातळ, धिरडं घालावं तसं.
घाईने ओतलं तर पापुद्रा सुटतो
आणि कुणाचा तरी पुढचा दात जातो.
एक थर. थांबा.
दुसरा थर. थांबा.
चाळिसाव्या थराला मैदान पोराचं वजन पेलतं.
एकदा पहाटे ओल्या थरावरून कोल्हा आडवा गेला;
त्याची पावलं मग अख्खा मोसम
आमच्या गोलजवळ, काचेत ठेवल्यासारखी.

आर्मास बोलत नसे.
पाइपाला एक हिसका म्हणजे पुढे,
दोन म्हणजे बास.
अकरा हिवाळे आम्ही एवढंच बोललो,
आणि एकदा, बायको गेली त्या आठवड्यात,
त्याने तीन हिसके दिले.
तीनचा अर्थ ठरलेला नव्हता.
मी नुसता पाइप घट्ट धरून उभी राहिले.

यंदा ते टोक त्याची नात धरते.

तर, संख्या.
नोंदवहीत बासष्ट पोरं.
उधारीच्या स्केट्सची पेटी: एकोणचाळीस जोड,
त्यातल्या एका जोडाचे दोन्ही पाय डावे.
तो जोड चौथीतल्या लिबानने उचलला
आणि महिनाभर फक्त डावीकडेच वळला.
समोरच्या संघाला वाटलं, हा डाव आहे.
चार गोल झाले. आता तो दुसरा जोड घ्यायला तयार नाही.

पत्र्याच्या ऊबखोलीत हॉल्वरसनआजोबा येतात.
खेळत नाहीत, खेळ बघतही नाहीत,
लोकांचे ओले मोजे भट्टीवर वाळत घालतात,
जोड्या चुकवतात.
त्यांना धरायचं?
रात्रपाळी संपवून येणारी एक नर्स
लांबच्या रस्त्याने गाडी घेते,
म्हणते, दिवे दिसले की बरं वाटतं.
तिने कधी पाऊल ठेवलं नाही बर्फावर.
तिला?
आणि ज्याने नऊशे रात्री पाणी घातलं
आणि स्वतः कधी स्केट्स चढवले नाहीत,
तो लाभ देणारा की घेणारा,
आणि आता कुठल्या रकान्यात?

बासष्ट लिहिलं. खोडलं. त्रेसष्ट. खोडलं.
पासष्टला कागद फाटला.
मागून चिकटपट्टी लावून तसाच पाठवला.

फेब्रुवारीत दक्षिणेचा वारा आला,
तीन दिवसांत मैदानाचं पिठलं झालं.
आम्ही चर्चच्या तळघरात रविवारी पॅनकेक विकले,
तीनशे बारा डॉलर, आणि कुणीतरी बशीत टाकलेलं
एक कॅनडाचं नाणं.
वीजबिल तीनशे चाळीस.

आज पारा पुन्हा उतरलाय.
दुपारी फाउंडेशनचं पत्र आलं, पातळ लिफाफा.
जाड असतं तर उघडलं असतं लगेच.
तो कोटाच्या आतल्या खिशात आहे,
हातांत मोज्यांच्या दोन-दोन जोड्या,
आणि काढले तर बोटं जातात.

पलीकडे अंधारात सिग्ने.
तिला ही भाषा कुणी शिकवली, मी विचारलेलं नाही.
पाइप ताणला जातो.

एक हिसका.