मे महिन्यात तारा सैल कराव्या

व्हिक्टर मेश्रामच्या गिटारला
मे महिना सोसत नसे.
पारा पंचेचाळीसच्या वर गेला की
ब्रिजखालचा सरस सुटायचा,
लाकूड खाटेसारखं कुरकुरायचं,
आणि झोपण्याआधी तो सहाही तारा सैल करायचा,
शेडमध्ये इंजिनाची वाफ सोडून देतात तशा.
कूलर लावू देत नसे.
म्हणे, वाळ्याच्या ओलीनं तिची मान वाकते.

गळा त्याचा मोतीबागचा.
वर्कशॉपात, नॅरो गेजच्या डब्याखाली
बाप रिव्हेट ठोकायचा
आणि डबा घेऊन आलेला हा पोरगा
त्या ठोक्यांच्या वर ओरडायला शिकला.
दुसरा रियाज नाही.

मी बास वाजवायचो.
म्हणजे चार तारा, आणि मागे उभं राहणं.
ड्रमवर अँब्रोज, मोहननगरचा,
लग्नाच्या बँडमधून पळवून आणलेला.
सदरच्या हॉलमध्ये पहिला कार्यक्रम:
चाळीस खुर्च्या, सतरा माणसं,
शिवाय चौकीदार,
कारण चावी त्याच्याकडे होती.

तेव्हा व्हिक्टर इंग्रजीत गायचा,
रेडिओवरून उचललेल्या उच्चारांनी.
तिसऱ्या गाण्यात लाइट गेली.
अँप मेला. अंधारात तो नुसत्या गळ्यानं म्हणाला,

काहून थांबली गाडी, बावा,
सिग्नल तर हिरवा होता

चौकीदार म्हणाला,
आता समजून राह्यलं. पुन्हा म्हण.

त्यानं पुन्हा म्हटलं. मग तेच म्हणत राहिला,
वीस वर्षं, वेगवेगळ्या चालींत.

चौऱ्याहत्तरमध्ये मुंबईच्या कंपनीनं बोलावलं.
दोन दिवसांत चार गाणी.
कव्हरवर त्यांनी संत्रं छापलं.
व्हिक्टरनं ते उजेडात धरलं, म्हणाला,
हे तर मोसंबं आहे, राजेहो.
तीनशे अकरा तबकड्या खपल्या.
त्यातल्या चाळीस आम्हीच घेतल्या.

पण एका थंडीत कस्तुरचंद पार्कवर
पाच हजार लोक होते.
अँब्रोज दहा सांगतो;
अँब्रोजला नेहमीच दुप्पट दिसायचं.
पुढच्या रांगेतले पोरं 'सिग्नल' म्हणत होते
आणि आम्ही वाजवायचे थांबलो तरी म्हणत राहिले.
कंपनीचा माणूस मागच्या पडद्याआड आला:
चल, केस वाढव, जरा शुद्ध लिही.
व्हिक्टर केबल गुंडाळत होता.
सकाळी सहाची शिफ्ट आहे, म्हणाला.

बापाच्या जागेवर लागला होता तो.
त्याच ठोक्यांनी आधी डावा कान नेला,
मग हळूहळू उजवा.
आम्हाला सांगितलं नाही त्यानं.
मला कळलं ते गिटारच्या वरच्या कडेवरून:
तिथे दातांचे व्रण होते.
लाकडाला दात टेकवून तार छेडायचा,
कवटीत सूर यायचा, तेवढ्यावर लावायचा.

नंतरची गाणी म्हणून खाली उतरली.
शब्द थोडे. चाल मालगाडीची.
लोक म्हणाले, वय झालं, म्हातारा गंभीर झाला.
तसं काही नव्हतं.
हाडांना खर्ज लवकर कळतो, एवढंच.
एकदा तालमीत त्यानं मला हातानं ओढलं,
म्हणाला, मागे काय करून राह्यला, इथं उभा राह,
आणि डावा तळवा माझ्या बासच्या पाठीला लावून
डोळे मिटून गायला.
तेहतीस वर्षांनी मी पुढे आलो.

नॅरो गेज बंद झाली त्या वर्षी तोही गेला.
दोन्हींचा काही संबंध नाही.
त्याला शुगर होती.

गिटार माझ्याकडे आहे, कपाटावर.
परवा इंदोऱ्याची एक पोरगी आली, ओवी रंगारी,
शेवटच्या कॅसेटवरचं गाणं फोनमध्ये घेऊन.
काका, हे अर्धा सूर खाली का आहे?
मी म्हटलं, मे महिना असेल.
ती हसली. तिला खरं वाटलं नाही.
मलाही नीट माहीत नाही.

ती गेल्यावर तारा सैल करायला गिटार काढली.
त्या व्रणांवर तोंड टेकवून एक तार छेडली.
माझे दात कवळीचे.
ऐकू काहीच आलं नाही.
सरसाचा वास आला,
आणि गरम लाकडाचा.