मायनर

साखळीच्या कॉलेजात, खिडकी नंबर तीन.
पेन्सिलनंच भरा, म्हणाले सावळसर,
नंतर सगळे खोडतात.

मेजर ठरलंय, रसायन. मायनरपाशी अडले.
भूगर्भशास्त्राचा तास गुरुवारी साडेचारला सुटतो,
केरीची कदंबा चार चाळीसला.
धावले तर मिळते.

"धोंडे शिकून कोण होणार तू?" मागून सुलक्षा.
तिनं कोंकणी घेतली, घरचीच म्हणून.

तिला सांगितलं नाही,
खाण बंद झाली त्या दिवशी
पप्पांनी ट्रकच्या टायरमध्ये अडकलेला खडा
स्क्रूड्रायव्हरनं काढून घरी आणला.
अजून टीव्हीशेजारी आहे, तांबडा, आवळ्याएवढा.
आई म्हणते, मातीच ती.
पप्पा म्हणतात, हातात धर.

आवळ्याला एवढं वजन नसतं.

सर, पेन आहे?